पाळण्याचे सात हेलकावे

छातीच्या विभागाबाहेरच्या बाकड्यावर बसलं, की तपासणी सुरू व्हायची. दिसायला ते चारचौघांसारखंच सागवानी बाकडं होतं, पाठ टेकायला उंच फळी असलेलं. त्या फळीत मटाराच्या दाण्याएवढे तीनशे कान बसवलेले आहेत, हे पाटी वाचल्याशिवाय कळत नसे, आणि पाटी सहसा कोणी वाचत नसे. माणूस बसे, शेजाऱ्याशी पाण्याच्या पाळीबद्दल बोले, दोनदा खाकरे, आणि तेवढ्यात आत डॉ. सुमेधा केंजळे यांच्या पडद्यावर त्याच्या फुफ्फुसांचा अहवाल उमटलेला असे. यंत्रणेचं नाव श्वासवेध. कराडच्या त्या इस्पितळात सगळे तिला नुसतं ‘वेध’ म्हणत.

सुरुवातीला एक गंमत झाली होती. सासूला दाखवायला आलेली सून दम्याचा अहवाल घेऊन घरी गेली, आणि सासू ठणठणीत निघाली. तेव्हापासून दुसरी पाटी लागली: ‘सोबत आलेल्यांनी कृपया समोरच्या खुर्च्यांवर बसावे.’

सुमेधाला या विभागात सव्वीस वर्षं झाली होती. त्यातली चोवीस तिनं पाठीवर बोटं वाजवून, नळी लावून, ‘हं, आता मोठा श्वास घ्या’ म्हणत काढली. गेल्या दोन वर्षांत तिचं मुख्य काम उरलं होतं ते पडद्यावरचं हिरवं बटण दाबायचं. त्यावर ‘मान्य’ असं लिहिलेलं असे. शेजारी लाल बटण होतं, ‘असहमत’. ते दाबलं तर कारण लिहावं लागे, आणि पुढे महिन्या-दोन महिन्यांत कोण बरोबर होतं ते उघड होई. तिनं ते तीनदा दाबलं होतं. तिन्ही वेळा वेध बरोबर निघाला. तिसऱ्या वेळी तिला साधा न्यूमोनिया वाटला होता तिथे वेधनं कर्करोग ओळखला, आणि ती बाई वाचली.

बाई वाचली, मग तक्रार कसली? हा प्रश्न सुमेधानं स्वतःला पुष्कळदा विचारला होता. आनंद व्हायचा तो झालाच होता. पण त्या दिवसापासून कानाला नळी लावली, की आपण जे ऐकतोय ते खरंच ऐकू येतंय की नुसतं वाटतंय, हे तिला कळेनासं झालं होतं.

पाडव्याच्या आदल्या दिवशी अनंतबुवा रेठरेकर आले. वय अडुसष्ट, अंगावर धुतलेलं धोतर, कपाळावर सकाळच्या बुक्क्याचा ठिपका. चौतीस वर्षं राममंदिरात रामजन्माचं कीर्तन त्यांचंच. सुमेधा अकरावीत असल्यापासून ते ऐकत आली होती.

“काय डॉक्टरीणबाई, आत येऊ, का तुमच्या बाकड्यानं सगळं सांगितलंय आधीच?”

“या बुवा. बाकडं फक्त खरं तेवढं सांगतं.”

“मग कीर्तनकाराला कशाला बसवता त्याच्यावर?”

कोपऱ्यातल्या रेश्मा मुजावरला हसू आवरेना. ती इथली श्वसन-तंत्रज्ञ. पेशंटना नळीत फुंकर मारायला लावणं आणि वेधची निगा राखणं हे तिचं काम. वेधशी भांडायचा हक्क साऱ्या इस्पितळात फक्त आपल्याला आहे, असा तिचा समज होता.

बुवांची तक्रार साधीच होती. देवळाच्या पायऱ्या चढताना दम लागतो. सूनबाई म्हणाली जाऊन या, म्हणून आलो. वय झालं, दुसरं काय.

सुमेधानं पडद्याकडे पाहिलं. त्या वयाच्या, त्या उंचीच्या माणसाच्या छातीत जेवढी हवा मावायला हवी, तिच्या एकशे तीन टक्के बुवांच्या छातीत मावत होती. तळाशी थोडा खरखराट, तोही वयाला धरून. निष्कर्ष: निरोगी.

“झालं तर,” बुवा म्हणाले. “म्हणजे नवमीला मी मोकळा.”

सुमेधाचं बोट हिरव्या बटणावर गेलं आणि तिथेच राहिलं.

तिला पाळणा आठवला होता. जन्म झाला, फुलं उधळली, की बुवा पाळण्याची दोरी ओढत आणि पाळणा म्हणत. शेवटच्या कडव्याचा शेवटचा ‘जो’ ते एका श्वासात धरून ठेवत, आणि तेवढ्यात पाळण्याचे सात हेलकावे होत. सुमेधा आणि तिचे वडील आप्पा, दोघं बोटांवर मोजत. सात म्हणजे सात. मधली काही वर्षं तिचं मोजणं सुटलं होतं. गेल्या वर्षी चौथ्या हेलकाव्याला बुवांनी सूर सोडला, हात खाली घेतला, आणि सगळ्या मंडपानं तो ‘जो’ उचलला. बायकांनी डोळ्यांना पदर लावले. बाहेर चपला घालताना कोणीतरी म्हणालं, बुवा आता गात नाहीत, लोकांकडून गाऊन घेतात. तिलाही ते पटलं होतं.

आता बोट बटणावर ठेवून तिला वाटलं, तो भाव होता की दम संपला होता?

तिनं नळी काढली. बुवांच्या पाठीवर, खांद्याच्या फऱ्याखाली लावली. अगदी तळाशी, वाळक्या पानांवर कोणी हलकेच चालावं तसं काहीतरी. की सदऱ्याचं कापड घासतंय? तिला ठरवता येईना.

“रेश्मा, असहमत.”

“कारण काय लिहू, मॅडम?”

“लिही, पाळण्याचे हेलकावे. पूर्वी सात, आता चार.”

रेश्मानं खुर्चीसकट वळून पाहिलं. “मॅडम, चौथ्यांदा हरायचंच असेल, तर जरा बऱ्या कारणानं हरू या की.”

पण तिनं लिहिलं. वेधचं उत्तर लगेच आलं: ‘कारण पडताळता येत नाही. पूर्वीची नोंद उपलब्ध आहे का?’ आणि वेधची शिफारस नसताना सीटी स्कॅन मिळत नसे.

सुमेधानं बुवांना सांगितलं, की मी कळवेपर्यंत गाऊ नका, तालीमही नको. बुवांचा चेहरा उतरला.

“सुमे, तुझं यंत्र म्हणतंय मी धडधाकट आहे. तू म्हणतेस गाऊ नका. मी कुणाचं ऐकायचं?”

“मलाही कळत नाहीये, बुवा.”

डॉक्टरच्या तोंडून असं वाक्य बुवांनी कधी ऐकलं नसावं. त्यांनी उपरण्याची घडी घातली, ती मोडली, पुन्हा घातली. “आप्पाच्या पेटीत बघ,” शेवटी ते म्हणाले. “यंत्राला जुनं काही पाहिजे ना? आप्पानं एक वर्ष सोडलेलं नाही. माझी ना नाही.”

आप्पा म्हणजे पोस्टमास्तर केंजळे, बुवांचे जिवलग मित्र. नोकरीत असल्यापासून रामजन्माचं कीर्तन मांडीवर रेकॉर्डर ठेवून टिपायचा त्यांचा नेम. जागा ठरलेली: बुवांच्या समोर, पहिल्या रांगेत, माइकला खेटून. घरी त्यांची लाकडी पेटी होती. तीत एकोणीस वर्षांची ध्वनिमुद्रणं, प्रत्येकावर त्यांच्या टपोऱ्या अक्षरात तिथी आणि आख्यान. शेवटची चिठ्ठी सहा वर्षांपूर्वीची. त्याच आषाढात आप्पा गेले. फुफ्फुसं हळूहळू दगडासारखी ताठ होत गेली. कागदावर रोगाच्या नावापुढे ‘कारण अज्ञात’ असं लिहिलं होतं, आणि खाली सही सुमेधाचीच होती. त्यानंतरची मुद्रणं देवस्थानानं केली होती. पंचांची परवानगी घेऊन तिनं तीही आणली.

पाडव्याची सुट्टी संपल्यावर तिनं आणि रेश्मानं सगळं वेधला दिलं. चोवीस वर्षांची कीर्तनं त्यानं अकरा मिनिटांत ऐकली. दोघी चहाचे पेले हातात धरून पडद्याकडे बघत बसल्या.

‘शेवटचा दीर्घ स्वर,’ वेधनं लिहिलं. ‘पहिल्या नोंदीत चोवीस सेकंद. गेल्या वर्षी तेरा. सर्व घट गेल्या नऊ वर्षांतली आहे. ती वयाला धरून नाही. मी निष्कर्ष मागे घेतो. माझ्याकडे लोकांची सरासरी होती, या माणसाचा भूतकाळ नव्हता. सीटीची शिफारस केली आहे.’

“म्हणजे असं,” रेश्मा म्हणाली, “दीड भाकरीची भूक असलेला माणूस एकच भाकरी खातोय, आणि आपण म्हणतोय, पोट भरलंय की त्याचं.” मग तिनं पेला ठेवून सुमेधाच्या पाठीवर थाप मारली. “मॅडम, जिंकलात.”

सुमेधा हसली. हसू ओठांवर असतानाच पडद्यावर पुढच्या ओळी आल्या.

‘याच मुद्रणांत माइकच्या सर्वांत जवळ बसलेल्या व्यक्तीचा कोरडा खोकला आहे. अकरा वर्षांपूर्वीच्या कीर्तनात दोन वेळा. सहा वर्षांपूर्वीच्या कीर्तनात एकसष्ट वेळा. आजाराचा नमुना कीर्तनकारासारखाच. ही व्यक्ती उपचार घेत आहे का?’

रेश्माचा हात पडदा बंद करायला पुढे गेला. सुमेधानं तो धरला.

अकरा वर्षांपूर्वी. तेव्हा ती आप्पांच्या शेजारीच बसली होती. मांडीला मांडी लावून, बोटांवर हेलकावे मोजत. छातीच्या विकारांची तज्ज्ञ, आणि बापाचा खोकला तिला पाच वर्षं ऐकू आला नव्हता. ती कीर्तन ऐकत होती.

वेधचं अजून संपलं नव्हतं. ‘पार्श्वभूमीला पंखांची फडफड आहे. दरवर्षी वाढत गेलेली. कबुतरं असावीत.’

सुमेधानं डोळे मिटले. कबुतरांच्या विष्ठेची आणि पिसांची धूळ वर्षानुवर्षं श्वासातून गेली, तर काहींच्या फुफ्फुसांना ती सोसत नाही. आधी सूज येते, मग व्रण धरतात. हे तिला पाठ होतं. ‘घरात कबुतरं आहेत का?’ हा तर तिचा रोजचा प्रश्न. तिनं आप्पांनाही विचारला होता. आप्पा म्हणाले होते, आपल्या घरात कुठली आलीत कबुतरं? आणि तिनं पुढचा रकाना भरायला घेतला होता. देवळाचं तिच्या मनातसुद्धा आलं नाही. तिच्या लेखी देऊळ म्हणजे माणूस बरं व्हायला जातो ती जागा. आप्पा आणि बुवा रोज सकाळी सभामंडपात कबुतरांना दोन शेर जोंधळे टाकायचे, तो मंडपही तेच झाडायचे, सारवायचे. आप्पांच्या पंच्याहत्तरीला सुमेधानं स्वतः जोंधळ्याचं पोतं देवळात पाठवलं होतं.

‘संबंध असण्याची शक्यता एकाहत्तर टक्के,’ वेधनं लिहिलं. ‘जुन्या नोंदीतलं ‘कारण अज्ञात’ बदलायचं का?’

खाली हिरवं बटण, लाल बटण. तिला दोन्हींपैकी एकही दाबता येईना. तिनं ते तसंच सोडलं.

शेवटची ओळ अशी होती: ‘गेल्या वर्षीच्या मुद्रणात आणखी अकरा जणांचे संशयास्पद खोकले आहेत. आवाजावरून ओळख पटवून त्यांना कळवू का?’

“हो म्हणा, मॅडम,” रेश्मा म्हणाली. “अकरा जीव आहेत.”

“ती माणसं बाकड्यावर बसली नव्हती गं. रामाचं नाव घ्यायला आली होती. आपण त्यांना न विचारता…”

“त्या सुनेला तरी कुठं विचारलं होतं? दमा कळला म्हणून आज बरी आहे ती.”

सुमेधाला वाटलं, हिचं बरोबर आहे. लगेच वाटलं, माझंही बरोबर आहे. मग दोन बरोबर गोष्टींमधून वाट कुठून काढायची, हे कोणत्या यंत्राला विचारायचं?

सीटीत दिसायचं ते दिसलं. बुवांच्या फुफ्फुसांच्या तळाशी काही भाग कायमचा व्रणानं धरला होता, पण बराचसा भाग नुसता सुजलेला होता आणि तो सुटण्यासारखा होता. पंचमीला सुमेधा स्वतः त्यांच्या घरी गेली. गोळ्या समजावून सांगितल्या, मुद्रणातल्या त्या अकरा खोकल्यांचंही सांगितलं. कबुतरांपासून लांब राहायचं. मंडपात पाऊल टाकायचं नाही.

“आणि गाणं?”

“थोडं. मोकळ्या हवेत. थोडं म्हणजे किती, ते मला सांगता येत नाही. वेधलाही नाही.”

बुवांनी गोळ्यांचं पाकीट उलटसुलट करून पाहिलं. “आणि आप्पा?”

“नक्की नाही सांगता येत. बहुतेक.”

“त्या जोंधळ्याचं पुण्य आम्ही दोघं निम्मं निम्मं वाटून घ्यायचो,” बुवा म्हणाले. “चेष्टेनं. आप्पा म्हणायचा, आज मी मूठभर जास्त टाकले, माझा वाटा मोठा.” त्यांनी चष्मा काढून धोतराच्या सोग्याला पुसला. “रामाच्या दारातल्या जिवाला दाणा घातला. ह्यात चुकलं कुठं, तेवढं तुझ्या यंत्राला विचार.”

सुमेधानं गोळ्यांच्या वेळा पाकिटावर लिहायला घेतल्या.

बुवांनी चष्मा पुन्हा चढवला. “असू दे. जन्म मंडपाबाहेर झाला म्हणून राम यायचा थांबतो का? शाळेच्या पटांगणात बांधा पाळणा, करंजाच्या झाडाला. आणि ते तुझे अकरा जण माझ्यावर सोड. माझ्या कीर्तनाला आलेली माणसं आहेत ती.”

नवमीला नगरपालिकेच्या शाळेचं पटांगण सकाळी दहालाच भरलं. करंजाला नुकती कोवळी पालवी फुटली होती. देवळाच्या मंडपाला पंचांनी जाळी लावायला घेतली होती, आणि पलीकडे कठड्यावर कबुतरं ओळीनं बसून होती, सकाळपासून दाण्याची वाट बघत.

पहिल्या रांगेत, माइकला खेटून, आप्पांच्या जागी सुमेधा बसली. मांडीवर आप्पांचा रेकॉर्डर होता, आणि रेश्मानं त्याला छोटा पडदा लावून तो वेधला जोडून दिला होता. फक्त बुवांसाठी, औषधाचा गुण बघायला, असं ठरलं होतं. बाकीचे सगळे आवाज गाळायला त्याला सांगितलं होतं. बुवांचं निरूपण चालू झालं. आवाज बारीक होता, पण ठिकाणावर होता. मध्येच ते थांबले आणि चिपळ्या काखेत मारून म्हणाले,

“एक सांगतो. स्वतःचा खोकला स्वतःला ऐकू येत नाही, मंडळी. मला आला नाही, माझ्या मित्राला आला नाही, आणि त्याची लेक छातीची एवढी मोठी डॉक्टर, तिला पण आला नाही. तेव्हा आज प्रत्येकानं शेजाऱ्याचा खोकला आठवायचा आणि त्याला सांगायचं. उद्यापासून ही डॉक्टरीणबाई इथं झाडाखाली खुर्ची टाकून बसणार आहे. तिच्या बाकड्याची ज्याला भीती वाटते, त्यानं तसं सांगावं. ती नुसता कान लावेल.”

पटांगण हसलं. नेमकं त्याच वेळी मागे कोणीतरी खोकलं, आणि दोनशे माना वळल्या. “ठसका होता हो,” तो माणूस कळवळून म्हणाला, आणि मग पुन्हा हशा पिकला.

सुमेधाला बरं वाटलं. अकरा जणांची ओळख पटवायची गरजच उरली नव्हती. हे इतकं साधं होतं?

बारा वाजले. जन्म झाला. फुलं उडाली, सुंठवड्याच्या पराती फिरू लागल्या. बुवांनी पाळण्याची दोरी हातात घेतली. तीन कडवी त्यांनी जपून, थांबत थांबत म्हटली. मग शेवटचं कडवं आलं, आणि शेवटचा ‘जो’.

सुमेधाची बोटं आपोआप मोजू लागली. एक. दोन. तीन. चौथा हेलकावा गेला आणि सूर टिकून होता. पाच. पाचव्याला बुवांनी हात खाली घेतला. सूर सुटला आणि पटांगणानं तो उचलला.

बुवांचे डोळे मिटलेले होते. गालांवरून पाणी वाहत होतं. ओठ हलत होते, की ते श्वास शोधत होते? सव्वीस वर्षं छातीच्या विभागात काढलेली तज्ज्ञ चार हातांवर बसली होती आणि तिला सांगता येत नव्हतं. आप्पांची आठवण येऊन ते थांबले असतील. सहावा हेलकावा छातीतच नसेल. कदाचित दोन्ही एकाच वेळी खरं असेल.

तिच्या मांडीवर छोटा दिवा लागला. तिनं खाली पाहिलं.

‘दोन उत्तरं तयार आहेत,’ वेधनं लिहिलं होतं. ‘एक कीर्तनकाराबद्दल. दुसरं माइकच्या सर्वांत जवळ बसलेल्या व्यक्तीबद्दल. तिचा आवाज गाळता आला नाही, फार जवळ आहे. दाखवू का?’

क्षणभर तिला ती व्यक्ती म्हणजे आप्पाच वाटले. मग तिच्या लक्षात आलं, की आज त्या जागी ती बसली आहे. चौतीस वर्षं त्याच मंडपात, त्याच धुळीत बसून, तीही कीर्तन ऐकत आली आहे. आणि आत्ता, सगळ्यांबरोबर, तीही ‘जो’ धरून गात होती.

पाळणा अजून हलत होता. सहा. सात. लोकांचा सूर कुठे तुटत नव्हता, कारण कोणाचा ना कोणाचा श्वास शिल्लक होता. तिचा स्वतःचा कितव्या हेलकाव्याला संपला होता? तिनं मोजलं नव्हतं. अंगठा पडद्यावर तरंगत राहिला. आधी बुवांचं विचारावं, की स्वतःचं, की आधी हा ‘जो’ पुरा होऊ द्यावा?